‘अडकलं’ की ‘अडकला’

सहम, ९ सप्टेंबर २०२५

डॉ. प्रितम,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही. ‘दादा’ लिहिलं की तू लगेच मोठा भाऊ होऊन बसतोस. म्हणून नुसतं नाव.

कागदावर लिहितेय, कारण फोनवर तू मला ब्लॉक केलंयस आणि हॉस्पिटलच्या मेलवर लिहिलं तर तुझ्याआधी मॅनेजमेंट वाचेल. हुसैनमियाँ दर आठवड्याला औषधांची गाडी घेऊन मस्कतला येतात, त्यांच्या हाती पाकीट देतेय. त्यांना वाटतंय बहिणीने भावाला काहीतरी गोडधोड पाठवलंय. वाटू दे.

तुझं पाकीट मिळालं. चौकशी समितीपुढे मी काय बोलायचं ते तू टाईप करूनच पाठवलंस. खाली माझं नाव, सहीपुरती जागा, वर पिवळी चिठ्ठी: ‘प्रणू, फक्त सही कर.’ लहानपणी प्रगतिपुस्तकावर बाबांची सही माझ्याकडून गिरवून घ्यायचास, तेव्हाही असंच म्हणायचास.

काय लिहिलंयस तू? की मी सहम शाखेत जनरल सर्जन, माझी मातृभाषा मराठी. ‘adakla’ या मराठी शब्दाचा अर्थ उशीर झाला, काम खोळंबलं. डॉ. प्रितम थिएटरला झालेल्या उशिराबद्दल बोलत होते. कोडर समरीन यांनी तो शब्द हर्नियाला लावला, ही त्यांची चूक. झालं. चार ओळी, आणि एका बाईची नोकरी खलास.

समितीने मला विचारलं तर मी कुठून सुरुवात करीन ते ऐकून ठेव. ढकलला की आत जाणारा साधा हर्निया, त्याचा बिलातला कोड वेगळा. आतडं आत अडकून बसलेला हर्निया, त्याचा वेगळा. या दुसऱ्या कोडचे पैसे विमा कंपनी बरेच जास्त देते, आणि आपल्या पगारातला हिस्सा बिलावर ठरतो. म्हणजे हर्निया जितका अडकलेला, तितका सर्जन सुटलेला. कोड आपण लावत नाही, कोडर लावते, आपल्या नोटवरून. तुला नोट टाईप करायचा कंटाळा. समरीन पडली म्हसळ्याची, मराठी बोलणारी. म्हणून ऑपरेशन संपलं की तू तिला मराठीत व्हॉइस नोट टाकायचास. ती ऐकून इंग्रजीत नोट लिहायची, कोड लावायची, आणि तू न वाचता सही ठोकायचास.

दोन वर्षं तुझे जवळजवळ सगळे हर्निया अडकलेले. माझे त्याच गावातले, त्याच शेतांवर पोती उचलणारे, त्याच टेबलावर झोपलेले, आणि सगळे साधे. विमा कंपनीला हे दिसायला दोन वर्षं लागली, याचंच मला नवल वाटतं.

आणि आता पकडलं गेल्यावर काय, तर बिचारी समरीन चुकली! वड्याचं तेल वांग्यावर काढायचं ते किती रे, काही लाज?

सही केलेली नाही. तुझा कागद परत जोडलाय. तू मला साक्षीदार म्हणून नेमलंयस, तर साक्ष माझी असेल, तुझी नाही.

प्रणाली

*

सहम, २१ सप्टेंबर

डॉ. प्रितम,

तुझं उत्तर मिळालं. वहिनीच्या अक्षरात. स्वतः लिहायचीसुद्धा हिंमत नाही का? ‘तुमच्या दादांनी तुम्हाला ओमानात आणलं, इथे उभं केलं, याची जाणीव ठेवा,’ असं लिहिलंय तिने. वहिनी शांत बाई आहे, ही वाक्यं तिची नाहीत. ती तुझी तोंडपाठ वाक्यं मी ओळखते.

हो, आणलंस. आणि मार्चमधल्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभंही केलंस, ते विसरलास? केरळचे ते फायनान्स मॅनेजर बसले होते, आठही सर्जन बसले होते, आणि पडद्यावर तू तक्ता लावलास. डावीकडे तुझे हर्निया, उजवीकडे माझे. ‘एकाच हॉस्पिटलात, एकाच ऑपरेशनला दोन सर्जन दोन तऱ्हेचे कोड लावतात, हे बरं दिसत नाही,’ म्हणालास. ‘कन्सिस्टन्सी हवी.’ मला वाटलं आता तुला स्वतःचीच शरम वाटली, आता म्हणशील मी खाली येतो. तू म्हणालास, ‘डॉ. प्रणाली डॉक्युमेंटेशनमध्ये कमी पडतात.’ मी कमी पडते! त्या दिवसापासून माझा हिस्सा कापला गेला, डिसेंबरनंतरचा करार ‘विचाराधीन’ झाला, आणि तू मस्कतला सर्जरीचा प्रमुख होऊन वादी अदाईच्या व्हिलात गेलास. चोर तो चोर, वर शिरजोर.

माझ्या पगाराबद्दल हे पत्र नाही. मी नवी नोकरी शोधीन, नाही मिळाली तर भुसावळला दवाखाना टाकीन. काल समरीन घरी आली होती, तिच्याबद्दल आहे.

नवरा यूनुस बरोबर होता. त्याचं खाबुऱ्याला मोबाईलचं छोटं दुकान आहे, ते बंद करून आला. तिला कामावरून थांबवलंय. समितीने तिला दोषी ठरवलं तर नोकरी तर जाईलच, पण विमा कंपन्यांच्या यादीत नाव लागेल, मग आखातात कुठलंच हॉस्पिटल तिला दारात उभं करणार नाही. तिच्या व्हिसावर मुलगी शाळेत आहे. मी चहा केला, कुणी प्यायलं नाही.

मी तिला विचारलं, ‘समरीन, खरं सांग. सर काय म्हणायचे आणि तू काय समजायचीस?’

ती म्हणाली, ‘डॉक्टर, मना काय म्हाईत? सर बोल्ले अडकला, मी लिवला अडकला. पैल्यापासून तसाच.’

आणि मी जागच्या जागी थबकले.

‘मी लिवला.’ आपण म्हणतो ‘मी लिहिलं’. तिच्या बोलीत ‘लिहिलं’चं ‘लिवला’ होतं, ‘झालं’चं ‘झाला’ होतं. म्हसळा, श्रीवर्धन, सगळीकडे तसंच बोलतात. मी मुद्दाम तिला विचारलं, ‘“काम अडकलं” हे तू कसं म्हणशील?’ ती म्हणाली, ‘काम अडकला.’ ‘आणि हर्निया?’ ‘हर्निया अडकला.’ तिच्या कानाला दोन्ही एकच. ती माझ्याकडे अशी बघत होती की बाईंना काय झालंय.

मग मी तुझी पहिली व्हॉइस नोट ऐकली. समितीने सगळ्या मला पाठवल्यात, तुझी साक्षीदार ना मी. दोन वर्षांपूर्वीची, जानेवारीतली. तू म्हणतोस: ‘समरीन, जरा अडकलं होतं, म्हणून उशीर. बाकी नेहमीचंच.’ ‘अडकलं.’ त्या दिवशी लिफ्ट बंद होती, पेशंटचं स्ट्रेचर खाली अडकून राहिलं, आणि तुझं थिएटर खोळंबलं. मला आठवतं, मी शेजारच्या थिएटरात होते. तू खरंच उशिराबद्दल बोलत होतास. आणि तिने तिच्या कानाने ऐकलं ‘अडकला’, तिला वाटलं हर्निया अडकला, तिने मोठा कोड लावला. खरी चूक. कुणाचीच लबाडी नाही. रायगडची बाई आणि भुसावळचा माणूस एका शब्दावर घसरले, एवढंच.

महिनाअखेरीला तुझ्या पगारात फरक दिसला. तो तुला दिसला नाही असं तू म्हणू नकोस. साध्या मेथीच्या जुडीचे पैसे मोजून घेणारा माणूस आहेस तू.

समजा तिथेच तू तिला बोलावून ‘अगं वेडे, उशीर म्हणालो होतो मी’ म्हणाला असतास, तर तुम्ही दोघं हसला असतात. तू काय केलंस ते मला अजून सगळं माहीत नाही. पण ऐकतेय. एकेक नोट ऐकतेय.

प्रणाली

*

सहम, १ ऑक्टोबर

प्रितम,

आईला मध्ये घालायची काही गरज होती?

काल तिचा फोन आला. रडत होती. ‘एका परक्या बाईसाठी सख्ख्या भावाला बुडवून तुला काय मिळणार गं?’ मी म्हटलं, आई, मी बुडवत नाही, तो पोहत नाही. तिने फोन आपटला. बहात्तर वर्षांची बाई. शाळेत मराठी शिकवून दोघांना डॉक्टर केलं, आणि आता तू तिला माझ्यावर सोडतोस.

तुझं नवं उत्तर वाचलं, यावेळी तरी स्वतःच्या अक्षरात. माझं पत्र चांगलंच झोंबलेलं दिसतंय. आता तुझं म्हणणं असं की, ‘ला’ असो वा ‘लं’, काय फरक पडतो. ‘अडकला’ म्हणजे पेशंट अडकला होता. वॉर्डात, ॲडमिशनला, विम्याच्या परवानगीला. म्हणजे उशीरच. म्हणजे चूक समरीनचीच.

उचलली जीभ, लावली टाळ्याला!

पहिल्या नोटनंतरच्या सगळ्या नोट्स ऐकल्या मी. पहिल्यात ‘अडकलं’ आहे. त्यानंतर पगार आला. त्यानंतर एकदाही ‘अडकलं’ नाही. प्रत्येक वेळी ‘अडकला होता’. स्पष्ट, दम घेऊन, जणू शाळेत उतारा वाचून दाखवतोयस. समरीनला तो फरक ऐकू येत नाही. तिला वाटलं सर नेहमीसारखंच बोलतायत. तुला ऐकू येतो. तू मुद्दाम बदललास.

तू म्हणशील, बोलण्याच्या ओघात होतं, माणूस एवढं लिंग बघून बोलतो का. इतर कुणाचं मी ऐकून घेतलं असतं. तुझ्या घरी जेवायला बसलं की संबोधीचा, तुझ्या लेकीचा, घास घशात अडकतो. इथे जन्मलेली, शाळेत दिवसभर इंग्रजी, मराठी चाचपडत बोलते. ‘बाबा आली’ म्हणाली की तू ताट बाजूला सारतोस. ‘आली? बाबा काय बाई आहे? आले म्हण.’ मग तिच्याकडून पाच वेळा वदवून घेतोस. ‘भाजी झाला नाही, झाली. पाणी आला नाही, आलं.’ गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पोर रडली होती, आठवतंय? मी म्हटलं जाऊ दे रे, तर म्हणालास, ‘मराठीच्या बाईंच्या घरातली मुलगी आहे, लिंग चुकलेलं मला सहन होत नाही.’

तुला सहन होत नाही, हेच तर मी म्हणतेय.

तुझ्या त्या टाईप केलेल्या कागदावर तू शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिलास, ते सुद्धा मी आत्ता पाहिलं. त्या अक्षरांत ‘अडकलं’ आणि ‘अडकला’ अगदी सारखे दिसतात. मोठा हुशार.

प्रणाली

*

सहम, १४ ऑक्टोबर

दादा,

आज एकदाच ‘दादा’ म्हणते. शेवटचं विचारायचंय म्हणून.

मस्कतला धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला मी आले होते. तुला दिसले नाही, मागच्या रांगेत बसले होते, वहिनी दिसल्यावर खांबाआड सरकले. तू स्टेजवर होतास, पांढरा सदरा, सगळ्यांकडून पंचशील म्हणून घेत होतास. ‘मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि.’ खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याची शपथ. माईकमधून तुझा आवाज काय खणखणीत! माझ्या शेजारी नाशिकचे एक इंजिनियर बसले होते, म्हणाले, ‘डॉक्टरसाहेबांचे पाली उच्चार किती शुद्ध आहेत बघा.’ मी म्हटलं, हो, उच्चारांच्या बाबतीत ते फारच काटेकोर आहेत.

खोटं सांगत नाही, तिथे बसून मला तुझी दया आली. तुझ्या कानशिलावरचे केस पिकलेत. आणि दया आल्याचा मला इतका राग आला की जेवण न घेताच निघाले. रस्ताभर खाबुऱ्यापर्यंत तुझ्याशी भांडत आले, एकटीच, गाडीत, मोठ्याने. पेट्रोल पंपावरचा पोरगा दोनदा विचारत होता, ‘मॅडम, कुछ चाहिये?’

ऐक आता. समितीची बैठक पुढच्या बुधवारी आहे. अध्यक्ष डॉ. हारून आहेत, ओमानी, बोलतात थोडं पण ऐकतात सगळं. त्यांच्याकडे तुझ्या नोट्सचं इंग्रजी भाषांतर आहे, दुभाष्याने केलेलं. प्रत्येक ठिकाणी एकच: अडकून पडणे. इंग्रजीत लिंग नाही, त्यामुळे तुझी युक्ती तिथे दिसत नाही. तू त्याच भरवशावर बसलायस ना? ‘ला’ आणि ‘लं’मधला फरक सांगणारी खोलीत मी एकटी असणार, आणि मी तर तुझी बहीण.

मी एक नोट शोधून काढलीय. उम्म सालिमची. सहमची ती खजुराच्या बागेवरची आजी, बेंबीचा हर्निया, गेल्या वर्षीची. मी तुला असिस्ट करत होते. भूल दिल्याबरोबर हर्निया आपोआप आत गेला होता, तूच म्हणाला होतास, ‘असे पेशंट रोज मिळोत.’ उशीर झाला नव्हता, काही अडकलं नव्हतं. पुढे बिल मोठं झालं आणि तिच्या मुलाला स्वतःच्या वाट्याचे जास्त रियाल भरावे लागले. तो काउंटरवर भांडत होता, तेव्हा त्याला समजावायला कोण उतरलं होतं खाली? मी. तुझ्या वतीने मी त्याला खोटं सांगितलं, माहीत नसताना.

ती नोट तू एकदा स्वतः ऐक. कानात हेडफोन घालून ऐक. मग बैठकीच्या आधी डॉ. हारूनकडे जा आणि सांग की पहिली चूक समरीनची होती, पुढचं सगळं माझं. पैसे परत कर. तुला काही वर्षं त्रास होईल, पण तू सर्जन आहेस, तुझे हात चांगले आहेत, त्याला कुणी नाही म्हणत नाही. आणि ती बाई सुटेल.

तू गेलास तर मी खोलीत तोंड उघडणार नाही. गेला नाहीस तर उघडीन.

हुसैनमियाँना थांबायला सांगितलंय. उत्तर त्यांच्याजवळच दे.

प्रणाली

*

सहम, १५ ऑक्टोबर

प्रितम,

हुसैनमियाँ पाकीट घेऊन आले. आत माझंच पत्र, परत. मागे पेनाने लिहिलेलं: ‘रक्ताची माणसं असं करत नाहीत.’

रक्ताबद्दल मला सांगू नकोस. आपण दोघं रोज धुऊन काढतो ते.

भेटू बुधवारी.

*

सहम, २४ ऑक्टोबर

प्रितम,

तू बैठकीतून उठून गेलास, त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. किंवा माहीत असेल, पण माझ्या तोंडून नाही. म्हणून लिहितेय. यानंतर लिहिणार नाही.

तुझ्या वकिलाने मला विचारलं, ‘डॉक्टर, या मराठी शब्दाचा अर्थ उशीर होणं असाही होतो का?’ मी म्हटलं, होतो. तू मान टेकवून बसलास खुर्चीत. मला वाटलं, आता तुला खरंच वाटतंय की मी शेवटी सावरून घेणार. तुझा चेहरा किती निवांत झाला होता! अगदी बाबांच्या सहीनंतर व्हायचा तसा.

मग मी म्हटलं, मला दोन नोट्स वाजवून दाखवायच्या आहेत.

पहिली वाजवली, जानेवारीची. ‘जरा अडकलं होतं, म्हणून उशीर.’ मी सांगितलं, हा उशीर आहे. इथे कोडरची चूक झाली, प्रामाणिक चूक, कारण तिच्या गावच्या बोलीत ‘अडकलं’ आणि ‘अडकला’ हे दोन्ही उच्चार एकच असतात. समरीन समोर बसली होती, ओढणीचं टोक बोटांना गुंडाळत. मी तिला तिथेच विचारलं, काम अडकलं हे तुझ्या घरी कसं म्हणतात? ती घाबरत म्हणाली, ‘काम अडकला.’ दुभाष्याने ते लिहून घेतलं.

मग उम्म सालिमची नोट. तुझाच आवाज, खणखणीत: ‘समरीन, उम्म सालिमचं झालं. अडकला होता. आजी शुद्धीवर आलीय, गप्पा मारतेय.’

मी म्हटलं, डॉ. प्रितम यांचं म्हणणं, पेशंट अडकला होता. पेशंट इथे म्हातारी बाई आहे. तिच्याबद्दल ते याच दमात म्हणतात ‘आलीय’. ती अडकली असती तर ते ‘अडकली होती’ म्हणाले असते. काम अडकलं असतं तर ‘अडकलं होतं’ म्हणाले असते, ऑपरेशनला ते ‘झालं’ म्हणालेच आहेत. एका श्वासात तिन्ही लिंगं, तिन्ही बरोबर. मग ‘अडकला होता’ कोण? त्या खोलीत पुरुष फक्त भूलतज्ज्ञ होते, सकलैन, आणि दुसरे खुद्द डॉ. प्रितम. ते दोघं कुठे अडकले नव्हते, मी तिथे उभी होते. उरला हर्निया. आणि हर्निया अडकलेला नव्हता, हेही मी तिथे उभी राहून पाहिलं.

फायनान्स मॅनेजर म्हणाले, ‘एक अक्षर से? कुछ समझा नहीं.’ विमा कंपनीचा माणूसही दुभाष्याकडे बघायला लागला. मी म्हटलं आता कसं समजावू. इंग्रजीत सांगायला गेले तर शब्दच सापडेनात.

तेव्हा डॉ. हारून हसले. पहिल्यांदा. म्हणाले, ‘आमच्या अरबीतही बाई अडकली आणि बाप्या अडकला, क्रियापद वेगळं. माझा चार वर्षांचा नातू चुकत नाही.’ मग तुझ्याकडे वळून त्यांनी हळू आवाजात विचारलं, ‘डॉक्टर, तुम्ही या बाबतीत चुकता का?’

तू काय बोललास आठवतंय? ‘मी मराठीत कधीच चुकत नाही.’ तोंडातून निघून गेलं तुझ्या. तुझ्या वकिलाने डोळे मिटले. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही तुझा. तेवढं बोललास, आणि मग कळलं काय बोललास, आणि उठून गेलास.

समरीनला रविवारपासून कामावर बोलावलंय. ती बाहेर पॅसेजमध्ये माझा हात धरून उभी राहिली आणि म्हणाली, ‘डॉक्टर, बरा झाला.’ मी म्हटलं, हो, बरं झालं. यूनुस तिथेच उकिडवा बसून ओक्साबोक्शी रडला, येणारे-जाणारे पेशंट बघत होते. आता मला राग कुणाचाच नव्हता, फक्त पाय दुखत होते.

माझा करार डिसेंबरला संपतोय, पत्र आलंय. नव्या वर्षात मी इथे नसेन. त्याचं दुःख करू नकोस, तू करणारही नाहीस.

आणखी एक सांगायचंय, म्हणून हे पत्र.

काल संध्याकाळी संबोधीने वहिनीच्या फोनवरून मला फोन केला. कुजबुजत होती. विचारत होती, ‘आत्या, तू बाबाला का रागावली? बाबा आली, शूज नाही काढली, सोफ्यावर बसली. आत्या, बाबा खूप रडली.’

मी म्हटलं, आई कुठेय, तिला दे. ती म्हणाली, ‘आई बाबाजवळ आहे. आत्या, बाबा अजून रडते.’

एवढ्या चुका एका दमात. मी एकही दुरुस्त केली नाही. ते काम तुझं, तूच कर.

प्रणाली